हिरडी दांतास कशी धरून राहते

बैल विकत घेणारा मनुष्य शिंगें, वशिंड, खूर हें सारें पाहून झालें तरी बैलाचें तोंड उघडून दांत पाहिल्यावांचून विसार देत नाहीं. जनावर आदत आहे, दोन-दाती आहे, चार-दाती आहे कीं जुळलेलें आहे, यावरून त्याचें वय व कामाचीं उरलेलीं वर्षें ठरतात. परंतु हाच मनुष्य स्वतःच्या किंवा घरांतील माणसांच्या तोंडांत वर्षानुवर्षें डोकावत नाहीं. दांत हलूं लागला कीं वय झालें म्हणावयाचें, आणि पडला कीं चूळ भरून मोकळें व्हावयाचें, असा आपल्या कागल-मुरगूडच्या बाजूस परिपाठ पडून गेला आहे. वास्तविक दांत वयामुळें पडत नाहींत. त्यांस धरणारी पकड सुटल्यामुळें पडतात. ही पकड म्हणजे काय, ती दिवसेंदिवस नवी कशी होते व कोणत्या कारणांनीं सुटते, हें समजून घेण्यासारखें आहे. तंबाखूच्या पट्ट्यांत राहणाऱ्या आपल्यासारख्यांस तर तें विशेष अगत्याचें आहे. त्याचें कारण पुढें येईल.

आपलें शरीर सर्वत्र अस्तरानें मढविलेलें आहे. बाहेर त्वचा, आणि तोंडाच्या आंत तसलेंच परंतु ओलें व मऊ आच्छादन. केस व नखें हीं त्वचेंतूनच उगवलेलीं असल्यामुळें तीं तिला भोंक पाडीत नाहींत. दांताची गोष्ट निराळी. त्याचें मूळ जबड्याच्या हाडांत व डोकें उघड्या तोंडांत. मधल्या जागीं तो अस्तरांतून आरपार गेलेला असतो. मातीचा बांध घालून त्यांत दगडी मोरी बसविली तर पाणी कोठून झिरपतें? मातीच्या अंगांतून नव्हे व दगडाच्याहि अंगांतून नव्हे. माती जेथें दगडास भिडते त्या सांध्यांतून. वेदगंगेच्या कांठच्या शेतकऱ्यास हें सांगावयास नको. तोंडांत कोट्यवधि सूक्ष्म जंतु सदैव नांदत असतात, आणि त्यांस शरीरांत शिरण्यास याहून सोयीची जागा दुसरी नाहीं. हा सांधा बुजविण्याची निसर्गाची रीत मोठी नवलाची आहे.

हिरडीची कड दांतास टेकलेली दिसते, तेथें ती वस्तुतः चिकटलेली नसते. तेथें दांत व हिरडी यांमध्यें एक अरुंद चर असतो. निरोगी तोंडांत बोथट सळईनें मोजला असतां तो एक ते तीन मिलिमीटर भरतो. चराच्या तळापासून खालीं पहिली पकड सुरू होते. ती अस्तराच्या पेशींची. तिच्याहि खालीं दुसरी पकड. ती दोरखंडासारख्या तंतूंची. अमेरिकेंतील गार्जुलो, वेंट्झ व ऑर्बन या तिघांनीं मृतांच्या जबड्यांवर केलेलीं मोजमापें १९६१ सालीं प्रसिद्ध झालीं. त्यांत पहिल्या पकडीची उंची सरासरी ०.९७ मिलिमीटर, व तिच्या खालच्या, हाडाच्या कडेपर्यंतच्या तंतूंच्या पट्टीची १.०७ मिलिमीटर भरली. दोन्ही मिळून ज्वारीच्या दाण्याच्या निम्म्याइतकी ही रुंदी. एवढ्याशा पट्टीवर शरीराची सरहद्द राखली जाते.

पहिल्या पकडीविषयीं शास्त्रज्ञांत बरींच वर्षें वाद होता. व्हिएन्ना येथील बर्नहार्ड गॉटलीब यानें १९२१ सालीं असें प्रतिपादिलें कीं, हिरडीचें अस्तर दांताच्या कांचेसारख्या कवचाशीं सजीवपणें जोडलेलें असतें. पुढें १९५२ सालीं नॉर्वेच्या वेरहाउग यानें उलट पक्ष घेतला. अगदीं पातळ पातीं हिरडीच्या आंत सहज सरकतात, तेव्हां हें अस्तर दांतास नुसतें चापून बसलेलें असावें, असें त्याचें म्हणणें. हा वाद नुसत्या डोळ्यांनीं किंवा साध्या सूक्ष्मदर्शकानें मिटण्यासारखा नव्हता. विद्युत्कणांचा सूक्ष्मदर्शक हातीं आल्यावर खरा प्रकार दिसला, आणि श्रोडर व लिस्टगार्टन यांनीं १९७१ सालच्या आपल्या ग्रंथांत तो सविस्तर मांडला. दांताच्या पृष्ठावर एक अतिशय पातळ लेप असतो. तो या पेशींनींच पाझरविलेला असतो व त्यांत लॅमिनिन नांवाचें चिकट प्रथिन मुख्य असतें. दांतालगतच्या प्रत्येक पेशीच्या अंगावर अर्ध्या गुंडीसारख्या असंख्य गांठी असतात, आणि त्या या लेपांत रुतून बसतात. गॉटलीबचें म्हणणें मुळांत खरें ठरलें. मात्र ही जोड चिवट नाहीं, नाजूक आहे, हेंहि दिसून आलें. तेव्हां वेरहाउगचीं पातीं आंत सरकलीं यांत आश्चर्य नाहीं.

परंतु खरें कौतुक पुढेंच आहे. या पेशी जागच्या जागीं बसून राहत नाहींत. पट्टीच्या तळाशीं व बाहेरच्या थरांत, तसेंच कांहीं अंशीं दांतालगतहि, नव्या पेशी जन्मतात. त्या हळूहळू वर सरकतात आणि चराच्या तळाशीं पोंचल्या कीं गळून लाळेंत मिसळतात. माकडांवरील प्रयोगांत असें आढळलें कीं, ही सबंध पट्टी चार ते सहा दिवसांत नवी होते. हिरडीच्या बाहेरच्या अंगास दहा-बारा दिवस लागतात, आणि हातापायांच्या त्वचेस सुमारें महिना. मग प्रश्न असा कीं, जी पेशी चालत आहे ती दांतास धरून कशी राहते? पालखी चालत असतां ती खालीं न ठेवतां भोई बदलतात, तसाच हा प्रकार आहे. पेशी पुढें सरकतांना आपल्या कांहीं गुंड्या सोडते व कांहीं नव्या लावते. सर्व गुंड्या एका वेळीं कधींच सुटत नाहींत, आणि शेजारच्या पेशींनीं आपापला भार घेतलेलाच असतो. हें अस्तर टिकतें तें सतत बदलत असल्यामुळेंच. चरांत सांचलेले जंतु पेशींस चिकटले तरी त्या पेशींबरोबर तेहि बाहेर टाकले जातात.

शिवाय या पट्टींतील पेशी एकमेकींस घट्ट बिलगलेल्या नसून विरळ असतात. मधल्या फटींतून शरीरांतील पातळ द्रव बाहेर पाझरत असतो, व त्याबरोबर रक्तांतील पांढऱ्या पेशी, म्हणजे शरीराचे राखणदार, चरांत उतरतात. निरोगी माणसाच्या तोंडांतहि अशा सुमारें ३०,००० राखणदार पेशी दर मिनिटास येतात असा हिशेब आहे. सांधा पूर्ण बंद करण्याऐवजीं आंतून बाहेर सतत थोडें पाणी वाहतें ठेवावें म्हणजे बाहेरचा गाळ आंत शिरत नाहीं, अशी ही योजना आहे. दांतांच्या वैद्यानें साफसफाई करतांना हें अस्तर थोडें सोडविलें, तर तोंड स्वच्छ असल्यास तें साधारण पांच-सहा दिवसांत पुन्हां चिकटतें. हिरडीची कड कापून काढली तरी कांहीं आठवड्यांत शेजारच्या अस्तरांतून तसलीच पट्टी तयार होते. आपल्या अंगांत इतक्या तत्परतेनें भरून येणाऱ्या जागा थोड्याच आहेत.

आतां दुसरी पकड. दांताच्या मुळावर हाडासारखा एक पातळ थर असतो, व त्यांतून कोलॅजेन नांवाच्या प्रथिनाचे तंतु निघून कांहीं हिरडींत व पुष्कळसे जबड्याच्या हाडांत शिरतात. दांत आणि हाड यांत साधारण पाव मिलिमीटरची फट असते, आणि हे तंतु तींत ताणून बांधलेल्या दाव्यांसारखे असतात. त्यामुळें दांत हाडांत खुंटीसारखा ठोकलेला नसून झोळींत टांगलेला असतो, आणि चावतांना बसणारा दाब तंतूंच्या ताणांत रूपांतर पावतो. जातां जातां सांगण्यासारखें म्हणजे, गाईबैलांचे खालचे पुढचे दांत निरोगी असतांहि किंचित् हलतात. वरच्या जबड्यास पुढचे दांत नसून नुसती घट्ट गादी असते. तिला इजा होऊं नये म्हणून ही ढिलाई असते. तेवढ्यावरून बैल म्हातारा ठरवूं नये. माणसाचा दांत मात्र हाताला जाणवेल इतका हलूं लागला तर कांहीं तरी बिघडलें आहे असें निश्चित समजावें.

हे तंतुहि कायमचे नसतात. जुने मोडणें व नवे वळणें हें काम तेथें अहोरात्र चाललेलें असून त्याचा वेग त्वचेंतील तशाच कामापेक्षां कितीतरी अधिक आहे. नवा तंतु वळण्यास क-जीवनसत्त्व लागतें. तें मिळालें नाहीं तर मोडणें चालू राहतें व वळणें थांबतें, आणि जेथें उलाढाल मोठी तेथें तूट आधीं दिसते. १४९८ सालीं वास्को द गामाचीं जहाजें आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर होतीं, तेव्हां त्याच्या खलाश्यांच्या हिरड्या सुजून दांतांवर चढल्या व त्यांस अन्न खातां येईना. तो हाच रोग. १७४७ सालीं जेम्स लिंड या आरमारी वैद्यानें संत्रीं व लिंबें देऊन तो बरा होतो हें पडताळून दाखविलें. आपल्याकडे आवळा, पेरू, लिंबू व शेवग्याचा पाला हीं सर्वांच्या आटोक्यांतलीं असतां क-जीवनसत्त्वाच्या अभावानें हिरडी बिघडावी हें क्वचितच घडावें. सामान्यतः बिघाडाचें कारण निराळें असतें.

तें कारण म्हणजे दांतावर हिरडीच्या कडेशीं बसणारा चिकट थर. तो उष्ट्या अन्नाचा नव्हे, जिवंत जंतूंचा असतो. चूळ भरून जात नाहीं, घासूनच जातो. डेन्मार्कमधील आर्हुस येथें हॅराल्ड लोए व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९६५ सालीं एक साधा पण निर्णायक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनीं दांत घासणें अजीबात बंद केलें. दहा ते एकवीस दिवसांत सर्वांच्या हिरड्या लाल होऊन सुजल्या. पुन्हां घासूं लागतांच आठवड्याभराच्या सुमारास त्या पूर्ववत् झाल्या. पहिली पकड किती लवकर बिघडते व किती लवकर सुधारते, हें त्यावरून दिसतें. घासतांना रक्त येणें ही या बिघाडाची पहिली खूण होय. आपल्याकडील सुश्रुतसंहितेंतहि हिरड्यांचे रोग दांतांच्या रोगांपासून निराळे काढून पंधरा सांगितले आहेत, आणि त्यांतील पहिला 'शीताद' हा हिरड्यांतून अकस्मात् रक्त येण्याचाच आहे. पण रक्त दिसलें कीं आपण घाबरून त्या जागीं घासणें सोडून देतों, व थर आणखी वाढतो. खरें पाहतां त्याच जागीं हलक्या हातानें अधिक नीट घासावयास पाहिजे.

थर तसाच राहिला तर लाळेंतील क्षार बसून त्याचें किटण बनतें. दाह खोल जातो, तंतु तुटतात, हाड झिजतें, चराची खोली पांच-सहा मिलिमीटर किंवा अधिक होते, आणि दांत हलूं लागतो. हें प्रत्येकाच्या तोंडांत सारख्या वेगानें होत नाहीं. त्याच लोए यानें १९७० पासून पंधरा वर्षें श्रीलंकेंतील चहाच्या मळ्यांतील मजुरांच्या हिरड्या पुन्हां पुन्हां तपासल्या. हे ४८० पुरुष दांत घासत नसत व त्यांस दांतांच्या वैद्याची सोयहि नव्हती. त्यांपैकीं सुमारें ८ टक्क्यांची पकड झपाट्यानें सुटली व पंचेचाळिशीपर्यंत त्यांचे बहुतेक दांत गेले. ८१ टक्क्यांची मध्यम गतीनें सुटत गेली, आणि ११ टक्क्यांच्या हिरड्या सुजलेल्या असूनहि दाह खोल गेला नाहीं. 'आमच्या आजोबांनीं कधीं दांत घासले नाहींत, तरी ऊंस सोलून खात' असें सांगणारे लोक भेटतात. ते आजोबा या अकरांतले असावेत. आपण कोणांत मोडतों हें मात्र आधीं कळत नाहीं. मधुमेह ताब्यांत नसलेल्यांची पकड लवकर सुटते, एवढें निश्चित आहे. मेंढ्यांतहि हा रोग आहे. विलायतेंत व न्यूझीलंडांत कित्येक कळपांतील मेंढ्यांचे पुढचे दांत याच कारणानें अकालीं गळतात. मग तिला गवत तोडतां येत नाहीं व ती कळपांतून काढावी लागते.

एकदां तुटलेली दुसरी पकड आपण होऊन सहसा परत येत नाहीं. त्याचें कारण शेतकऱ्यास चटकन् समजेल. नांगरून मोकळ्या टाकलेल्या जमिनींत पेरलेलें बी उगवण्यापूर्वीं हरळी व तण पसरतें. किटण काढून साफ केलेल्या जागेंत तसेंच होतें. अस्तराच्या पेशी अतिशय वेगानें वाढणाऱ्या. त्या मुळावरून खालीं धांवतात व जागा व्यापतात, आणि तंतु वळणाऱ्या मंद पेशींस पाय ठेवावयास जागा उरत नाहीं. जखम मिटते, रक्त थांबतें, दांत टिकतोहि. परंतु पूर्वीं जेथें दावीं होतीं तेथें आतां लांबलेलें अस्तर असतें. मुळावर ज्या पेशी आधीं पोंचतील त्यांच्यावर पुढील जोड अवलंबून असते, हा विचार मेल्चर यानें १९७६ सालीं मांडला. त्यावरून स्वीडनमधील नीमन व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९८२ सालीं हिरडीखालीं एक पातळ पडदा बसवून अस्तरास अडविलें व खालच्या पेशींस अवधि मिळवून दिला. पिकाच्या ओळींत आच्छादन घालून तण दाबावें तीच ही युक्ति. ती आज प्रचारांत आहे, पण खर्चाची आहे, प्रत्येक जागीं साधत नाहीं आणि गेलेलें सर्व कांहीं परत आणीत नाहीं.

आतां तंबाखूकडे वळूं. निपाणीची पेठ मुरगूडपासून दूर नाहीं. उंसानें बरीच जमीन घेण्यापूर्वीं या भागांतील कित्येक घरांची लग्नकार्यें तंबाखूच्या पैशावर झालीं. १९८१ सालीं तंबाखूच्या भावासाठीं निपाणीस शेतकऱ्यांनीं शरद जोशी यांच्या पुढारीपणाखालीं केलेलें आंदोलन व त्यांत गोळीबारांत बळी पडलेले शेतकरी आपला भाग विसरलेला नाहीं. तेव्हां पिकविणाऱ्यास दोष देण्याचा येथें हेतु नाहीं. प्रश्न आहे तो त्याच तंबाखूचा चुरा चुलीवर काळा होईपर्यंत भाजून जी मशेरी, म्हणजे मिसरी, केली जाते तिचा. दिवसांतून तीन-चार वेळां ती बोटानें हिरड्यांवर घासण्याची संवय आपल्या घरांतील स्त्रियांस फार आहे. तिनें दांत स्वच्छ होतात, ठणका थांबतो व हिरडी आवळते, असा समज आहे.

हा समज कां टिकला असावा? निकोटिनानें बारीक रक्तवाहिन्या आकसतात. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांची हिरडी बिघडलेली असूनहि तिच्यांतून रक्त कमी येतें, हें अनेक तपासण्यांत मोजून सिद्ध झालें आहे. मशेरींतहि तेंच निकोटिन आहे. म्हणजे हिरडी आवळली असें जें वाटतें तें कदाचित् धोक्याची घंटा बांधून ठेवल्यासारखें असेल. शेतांत चोर शिरलेला आणि कुत्रें मात्र गप्प. शिवाय तंबाखू जेथें घासली किंवा ठेवली जाते त्याच जागची हिरडी खालीं सरकते व मूळ उघडें पडतें. तंतु वळणाऱ्या पेशींच्या कामांत निकोटिन अडथळा आणतें, हेंहि प्रयोगशाळेंत दिसलें आहे. खालीं गेलेली हिरडी आवळ्यानें, मिठानें किंवा कोणत्याहि मंजनानें पुन्हां वर चढत नाहीं. न ओढतां तोंडांत घेतल्या जाणाऱ्या तंबाखूनें कर्करोग होतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें दिलेला आहे. मुंबईंतील १,२१७ गरोदर स्त्रियांच्या पाहणींत, जी २००४ सालीं प्रसिद्ध झाली, अशी तंबाखू वापरणाऱ्यांचीं मुलें सरासरी १०५ ग्रॅम हलकीं जन्मलेलीं आढळलीं. त्यांतील बहुतेकींची तंबाखू म्हणजे मशेरीच होती. १९९२ सालीं भारत सरकारनें दंतमंजनांत व टूथपेस्टींत तंबाखू घालण्यास बंदी केली, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीपर्यंत तो कायदा पोंचत नाहीं. तेथें घरच्या माणसांचेंच कर्तव्य आहे. सासूची संवय सुनेनें बोलून सुटणार नाहीं. कर्त्या पुरुषानें आधीं आपली चंची खालीं ठेवावी, मग बोलावें.

मशेरी सोडल्यावर कशानें घासावें? मऊ केसांचा ब्रश उत्तम. तो हिरडीच्या कडेवर किंचित् तिरपा धरून सावकाश फिरवावा, व रात्रीं निजण्यापूर्वीं एकदां तरी हें चुकवूं नये. कडुलिंबाची किंवा बाभळीची काडी चावून तिचा अगदीं मऊ कुंचा केला तर तीहि चालेल, पण दांतांच्या आंतल्या अंगास ती नीट पोंचत नाहीं. शेणीची राख, विटेचा चुरा व खरखरीत राखुंडी हीं टाळावींत. उघड्या पडलेल्या मुळाचा थर मऊ असतो व त्यांवर यांनीं खांचा पडतात.

किटण काढून घेतल्यानें दांत ढिले होतात, ही समजूत फार पसरलेली आहे. काढल्यावर कांहीं दिवस दांत हलतो असें वाटतें, तें खरें. पण पकड आधींच गेलेली असते, आणि शेजारच्या दांतांस एकत्र जखडून धरणारा किटणाचा गिलावा निघाल्यामुळें ती आतां जाणवते, इतकेंच. गिलावा ठेवावा तर त्याच्याखालचें हाड झिजतच राहतें.

नीट घासूं लागल्यावर दोन आठवड्यांनींहि रक्त येत असेल, दांत हलत असेल, दोन दांतांत नवी फट पडली असेल किंवा तोंडांत पांढरा चट्टा वा जखम तीन आठवडे टिकली असेल, तर दांतांच्या वैद्यास दाखवावें. कोल्हापुरास छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालयांत ही सोय आहे. चट्टा दुखत नाहीं म्हणून थांबूं नये. आरंभींचा चट्टा बहुधा दुखत नाहींच. हिरड्या तपासतांना वैद्य मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई प्रत्येक दांताभोंवतीं सहा जागीं चरांत टेकवून पाहतो. तीनपर्यंतचा आंकडा चांगला, चारला लक्ष ठेवावें, पांच वा अधिक असेल तेथें उपचार पाहिजेत. हे आंकडे मागून घ्यावेत आणि उंसाच्या तोडीची व खताची नोंद ज्या वहींत ठेवतों तींतच तारखेसह लिहून ठेवावेत, म्हणजे पुढच्या वर्षीं त्याच दांताचा आंकडा ताडून पाहतां येईल.